एका खुनातून महायुद्ध कसे उभे राहिले, आणि ते चार वर्षे का थांबले नाही?

आपला प्रश्न असा आहे: ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून पहिले महायुद्ध सुरू झाले, असे शाळेपासून वाचत आलो, पण एका खुनासाठी इतके देश चार वर्षे का लढले, मध्येच कोणी थांबवले का नाही, आणि आपल्याकडची माणसे त्यात कशासाठी गेली? हे खरे तर तीन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत. महाविद्यालयात हा विषय शिकवताना मला नेहमी जाणवते की लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद आणि राष्ट्रवाद ही चार कारणे पाठ झाली की विद्यार्थ्यांना युद्ध समजल्यासारखे वाटते. ही चारही कारणे खरी आहेत. परंतु १९११ मध्ये मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात ताणाताणी झाली तेव्हाही ती होती, १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांतही होती, आणि त्या दोन्ही वेळी महायुद्ध टळले. म्हणून १९१४ च्या जून-जुलैमध्ये कोणी, कोणत्या दिवशी, काय ठरवले हे आधी पाहावे, असे मी सांगतो.

२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रांझ फर्डिनांड पत्नी सोफीसह बोस्नियाची राजधानी साराजेव्हो येथे आला. बोस्निया १८७८ पासून ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि १९०८ मध्ये तो साम्राज्याला जोडून घेण्यात आला होता; तेथील सर्ब तरुणांमध्ये त्याविषयी तीव्र असंतोष होता. मारेकरी अनेक होते आणि ते नदीकाठच्या रस्त्यावर जागोजागी उभे होते. सकाळी त्यांच्यापैकी चाब्रिनोविचने फेकलेला बॉम्ब युवराजाच्या गाडीवरून घसरून मागे फुटला आणि मागच्या गाडीतील अधिकारी जखमी झाले. नगरभवनातील समारंभ उरकल्यावर युवराजाने जखमी अधिकाऱ्याला रुग्णालयात जाऊन भेटण्याचे ठरवले. त्यासाठी मार्ग बदलला, पण तो बदल चालकांना कोणी कळवलाच नाही. लॅटिन पुलाजवळ गाडी जुन्या मार्गाने वळली, चूक लक्षात येताच थांबवण्यात आली, आणि ती थांबली तेथून काही पावलांवर १९ वर्षांचा गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. त्याने झाडलेल्या दोन गोळ्यांनी युवराज आणि सोफी दोघेही मरण पावले.

या कटाला शस्त्रे पुरवण्यामागे सर्बियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख द्रागुतिन दिमित्रियेविच होता. मात्र सर्बियन सरकारने हा कट रचला, असे सिद्ध करणारा पुरावा ऑस्ट्रियाच्या हाती तेव्हा नव्हता. तरीही सर्बियाचा कायमचा बंदोबस्त करण्याची ही संधी आहे, असे व्हिएन्नातील अनेक मंत्र्यांना आणि सेनापतींना वाटले. अडचण होती ती रशियाची, कारण सर्बियावर हल्ला झाला तर रशिया मध्ये पडणार हे उघड होते. म्हणून ऑस्ट्रियाचा दूत बर्लिनला गेला, आणि ५ व ६ जुलै रोजी जर्मनीचा सम्राट, म्हणजे कैसर, विल्हेल्म आणि चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बेथमान-हॉलवेग यांनी बिनशर्त पाठिंब्याचे आश्वासन दिले. माझ्या मते या संपूर्ण महिन्यातील सर्वांत गंभीर निर्णय हाच होय. खुनानंतर लगेच, युरोपची सहानुभूती ऑस्ट्रियाच्या बाजूने असताना, मर्यादित कारवाई झाली असती तर कदाचित प्रकरण तेथेच मिटले असते. पण हंगेरीचा पंतप्रधान टिसा याचा आधी विरोध होता, सैनिक सुगीच्या रजेवर गेले होते, आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्या वेळी रशियाच्या राजधानीत असल्याने ते परतीच्या प्रवासाला लागेपर्यंत थांबणे सोयीचे वाटले. या दिरंगाईत जवळजवळ चार आठवडे गेले.

२३ जुलैला सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता मिळाला. सर्बियाने त्यातील बहुतेक मागण्या मान्य केल्या किंवा गोलमाल शब्दांत स्वीकारल्या. मात्र आपल्या भूमीवरील चौकशीत ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांना सहभागी करून घेण्यास स्पष्ट नकार दिला. २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले. रशियाचा झार निकोलस याने २९ तारखेला संपूर्ण सैन्य सज्ज करण्याचा हुकूम दिला, कैसरची तार आल्यावर तो मागे घेतला, आणि सेनापतींच्या व मंत्र्यांच्या आग्रहामुळे ३० तारखेला पुन्हा दिला.

येथे सैन्याची जमवाजमव म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे लागते. त्या काळी ब्रिटन वगळता युरोपातील मोठ्या देशांत सक्तीची लष्करी सेवा होती. शांततेच्या काळात लहान असलेली फौज राखीव सैनिकांना बोलावून काही दिवसांत लाखोंची करायची आणि रेल्वेने सरहद्दीवर पोहोचवायची, याचे तासातासाचे वेळापत्रक आधीच छापलेले असे. जर्मनीची योजना अशी होती की रशियाला जमवाजमवीस वेळ लागतो, तेवढ्या अवधीत, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांत, बेल्जियममार्गे फ्रान्सला पराभूत करायचे आणि मग पूर्वेकडे वळायचे. त्यामुळे रशियाने तयारी सुरू केली की जर्मनीच्या हातातील वेळ कमी होऊ लागे. शिवाय बेल्जियममधील लिएजचा किल्ला अगदी पहिल्या दिवसांतच घेणे या योजनेत आवश्यक होते. इतर देश सैन्य जमवून सरहद्दीवर थांबू शकत होते आणि वाटाघाटी चालू ठेवू शकत होते. जर्मनीच्या बाबतीत मात्र जमवाजमव आणि परक्या देशावर चढाई यांत जवळजवळ अंतर उरले नव्हते. १ ऑगस्टच्या संध्याकाळी, ब्रिटन तटस्थ राहील अशी चुकीची बातमी आल्यावर, कैसरने सेनाप्रमुख मोल्टके याला सारी फौज पूर्वेकडे वळवण्यास सांगितले. लाखो माणसांची आखणी अशी अचानक बदलता येत नाही, असे उत्तर मोल्टकेने दिले. त्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ तारखेला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, आणि ४ तारखेला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात ब्रिटनने दिलेली होती. त्या रात्री ब्रिटनही युद्धात उतरले.

करारांच्या साखळीने सगळ्यांना आपोआप ओढले, असे जे सांगितले जाते ते मला पुरेसे वाटत नाही. इटली हा जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा करारबद्ध मित्र होता. तो तटस्थ राहिला आणि मे १९१५ मध्ये चक्क विरुद्ध बाजूने लढाईत उतरला. रुमानियाचेही तसेच झाले. उलट, फ्रान्सच्या मदतीला आलेच पाहिजे असा बंधनकारक लेखी करार ब्रिटनवर नव्हता. आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या ऑस्ट्रियाच्या भांडणातून हे सारे उभे राहिले, त्याने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले ते ६ ऑगस्टला, म्हणजे जर्मनीनंतर पाच दिवसांनी. करार होते, पण ते पाळायचे की मोडायचे हे प्रत्येक राजधानीत माणसांनीच ठरवले.

आता दुसरा प्रश्न, की युद्ध थांबले का नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये पॅरिसच्या पूर्वेला मार्न नदीकाठी जर्मनांची आगेकूच अडवली गेली आणि सहा आठवड्यांची योजना फसली. दोन्ही फौजांनी एकमेकींना वळसा घालण्याचा प्रयत्न केला, तो समुद्रकिनारा लागेपर्यंत चालला, आणि वर्ष संपताना स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपासून उत्तर समुद्रापर्यंत सुमारे ७०० किलोमीटर लांबीची खंदकांची रांग तयार झाली. पुढील साडेतीन वर्षे ती थोडीच इकडेतिकडे सरकली.

याचे खापर सेनापतींच्या मूर्खपणावर फोडण्याची पद्धत आहे. काही सेनापती निर्दय आणि हटवादी होते, यात शंका नाही, पण तेवढ्याने ही कोंडी उलगडत नाही. हल्ला करणाऱ्याला काटेरी तारा ओलांडून, मशीनगनच्या माऱ्यातून चालत जायचे असे. पुरेशा तोफा असतील तर शत्रूचा पहिला खंदक घेता येई. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेल येथे ब्रिटिश आणि हिंदी पलटणींनी तो पहिल्याच दिवशी घेतला. पण त्यानंतर पुढे गेलेल्या तुकडीचा मागच्याशी संपर्क तुटे. टेलिफोनच्या तारा तोफगोळ्यांनी तुटत, सोबत नेता येईल असा वायरलेस संच नव्हता, निरोपे वाटेतच मारले जात. कोठे यश आले आणि कोठे कुमक हवी, हे सेनापतीला कळेपर्यंत तास न् तास जात. तेवढ्या वेळात बचाव करणारा आपली राखीव फौज शाबूत रेल्वेने त्या जागी आणून उभी करी, आणि हल्लेखोराला मात्र स्वतःच्याच तोफांनी नांगरलेल्या चिखलातून माणसे, दारूगोळा आणि पाणी पुढे न्यावे लागे. भगदाड पाडणे शक्य होते. ते बुजवले जाण्याआधी त्यातून आरपार जाणे शक्य होत नव्हते.

१ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या आघाडीवर जे घडले ते याचे सर्वांत भीषण उदाहरण आहे. त्याआधी आठवडाभर ब्रिटिश तोफांनी सुमारे १५ लाख गोळे डागले. परंतु त्यांतील बरेच गोळे तारा तोडण्यास निरुपयोगी अशा प्रकारचे होते, कित्येक फुटलेच नाहीत, आणि जर्मन सैनिक खडूच्या मऊ खडकात खोल खणलेल्या तळघरांत सुरक्षित राहिले. मारा थांबताच ते मशीनगन घेऊन वर आले. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे सुमारे ५७,००० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले; मृतांची संख्या १९,२४० होती. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत व्हर्दून येथे फ्रेंच आणि जर्मन फौजा एकमेकींना झिजवत राहिल्या. एप्रिल १९१५ पासून विषारी वायू आणि सप्टेंबर १९१६ पासून रणगाडा ही नवी साधने याच कोंडीतून मार्ग काढण्यासाठी आली, पण सुरुवातीला दोन्हींचा परिणाम मर्यादित राहिला.

राजकीय बाजूही होती. जितकी माणसे मरत तितकी तडजोड अवघड होई, कारण मोबदल्यात काहीच मिळाले नाही असे आपल्या जनतेला सांगण्याची कोणत्याही सरकारची तयारी नव्हती. जर्मनीकडे बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सचा उद्योगप्रधान भाग होता, तो ते सोडायला तयार नव्हते. आणि तो परत मिळाल्याखेरीज फ्रान्स वाटाघाटींना बसणे शक्य नव्हते. कारखाने आणि रसायनशास्त्र यांनीही युद्ध लांबवले. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीला चिलीतून येणारे नायट्रेट मिळेनासे झाले, आणि त्यावाचून दारूगोळा बनत नाही. पण हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याची हाबर आणि बॉश यांची पद्धत जर्मनीकडे होती, म्हणून तोफा चालू राहिल्या. अन्नाला मात्र असा पर्याय सापडला नाही, आणि १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन शहरांना बटाट्याऐवजी सलगमावर दिवस काढावे लागले.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पाठ्यपुस्तकांत त्याला एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळत नाही. ब्रिटनने युद्ध पुकारताच व्हाइसरॉयने हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. येथील लोकांचे मत विचारण्यात आले नाही. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक आणि कामगार परदेशी गेले आणि सुमारे ७४,००० परतले नाहीत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. बेभरवशाच्या पावसावर शेती असलेल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील घरांना तो पगार आणि पुढचे पेन्शन महत्त्वाचे होते, आणि वडील-आजे पलटणीत होते ही परंपराही होती. त्या गावांतून आजही 'या गावातून इतके लोक महायुद्धास गेले' असे सांगणाऱ्या दगडी पाट्या आढळतात.

मराठा पलटणींचे सर्वांत मोठे रणक्षेत्र फ्रान्स नव्हते, तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक होते, जो तेव्हा जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कस्तानच्या ताब्यात होता. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी सहावी पूना डिव्हिजन फाव येथे उतरू लागली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. मूळ हेतू मर्यादित होता: जवळच आबादान येथे इराणच्या तेलाचा कारखाना होता, ब्रिटिश आरमार तेलावर चालू लागले होते, आणि त्या तेल कंपनीत ब्रिटिश सरकारने १९१४ मध्येच मोठा हिस्सा घेतला होता. येथे एक खुलासा करतो. 'पूना' हे डिव्हिजनच्या मुख्यालयाचे नाव होते. तिच्यात गोरे, पंजाबी, राजपूत, गुरखे असे सर्व होते, आणि त्यांच्यासोबत ११० वी व ११७ वी मराठा या पलटणी होत्या. १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री नंतर त्यांना येऊन मिळाली.

सुरुवातीच्या विजयांनी डोळे दिपले आणि तेल राखण्यासाठी गेलेली फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादपासून थोड्याच अंतरावर टेसिफॉन येथे जनरल टाउनशेंडच्या फौजेतील सुमारे ४,६०० माणसे मृत किंवा जखमी झाली. हिंदुस्थान सरकारने या मोहिमेला पुरेशा बोटी, डॉक्टर आणि औषधे दिलीच नव्हती. जखमींना स्प्रिंगा नसलेल्या, खेचरांच्या मालवाहू गाड्यांतून खडबडीत वाळवंटातून नदीपर्यंत आणले गेले. हाडे मोडलेल्या माणसांनी तो प्रवास कसा सोसला असेल याची कल्पना करवत नाही. नंतर बसऱ्यापर्यंत अनेक दिवसांचा बोटीचा प्रवास, पुरेशी शुश्रूषा नसताना. या हलगर्जीपणाची पुढे चौकशी झाली आणि १९१७ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

माघार घेतलेली फौज कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातील गावात अडकली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी तिला वेढले. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारले जाऊ लागले, पण बहुसंख्य हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते मांस खाण्यास नकार दिला. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून परवानगी मागवून वायरलेसने कळवण्यात आली, तरीही शेवटच्या आठवड्यांपर्यंत अनेकांनी तोंडाला लावले नाही. ताज्या भाज्या-फळांअभावी होणारा स्कर्व्ही हा रोग आणि अशक्तपणा यांनी माणसे पहाऱ्यावरच कोसळू लागली. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली, ती अपुरी पडली. वेढा उठवण्यासाठी आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मृत किंवा जखमी झाली आणि ती कुतपर्यंत पोहोचू शकली नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवण्यात आले. शिपाई मात्र वाळवंटातून पायी हाकले गेले, बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले गेले, आणि त्यांतले हजारो तेथेच मेले. ही तफावत मला आजही संताप आणते. बगदाद अखेर ११ मार्च १९१७ ला घेतले गेले, आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकत येथे ११४ व्या मराठा पलटणीने तेथील शेवटच्या मोठ्या लढाईत असामान्य शौर्य गाजवले.

याच काळात, मनुष्यबळ कमी पडू लागल्यावर, १८९० च्या दशकात महारांसाठी बंद केलेली लष्कराची दारे पुन्हा उघडली आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली. गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. लोकमान्य टिळकांनी भरतीला तत्त्वतः विरोध केला नव्हता, पण त्याच्या बदल्यात स्वराज्याची हमी मागितली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना बोलू दिले नाही, तेव्हा ते सभात्याग करून बाहेर पडले.

युद्धाचा शेवट थोडक्यात सांगता येतो. फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचा अनिर्बंध वापर सुरू केला, त्यामुळे एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात आली. रशियात त्याच वर्षी दोन क्रांत्या झाल्या आणि मार्च १९१८ मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कच्या तहाने तो युद्धातून बाहेर पडला. अमेरिकन सैन्य मोठ्या संख्येने येण्याआधी निकाल लावावा म्हणून जर्मनीने २१ मार्चपासून पश्चिमेला शेवटचे मोठे हल्ले केले. ते खोलवर गेले, पण सर्वोत्तम सैनिक त्यांत खर्ची पडले आणि रसद मागे राहिली. ८ ऑगस्टला आमियाँ येथे दोस्तांनी, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या मित्रदेशांनी, तोफखाना, रणगाडे, विमाने आणि पायदळ यांचा मेळ घालून प्रतिहल्ला केला, आणि खंदकांची जुनी कोंडी खऱ्या अर्थाने फुटली. सप्टेंबरअखेर बल्गेरिया, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तान, ३ नोव्हेंबरला ऑस्ट्रिया असे एकेक मित्र गळाले. ९ तारखेला कैसर पायउतार झाला आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता शस्त्रसंधी अमलात आली. सुमारे ९० लाख ते १ कोटी सैनिक मेले होते.

हिंदुस्थानात त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला, आणि त्यात एक कोटीहून अधिक लोक गेले, म्हणजे रणांगणावर पडलेल्या हिंदी सैनिकांच्या शंभर पटींहून जास्त. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली, आणि २८ जूनला, साराजेव्होच्या खुनाला बरोबर पाच वर्षे होत असताना, व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या. तुर्कस्तानाशी अंतिम तह मात्र १९२३ मध्ये लोझान येथे झाला. मधल्या काळातील खिलाफत चळवळ त्या प्रलंबित तहाशीच जोडलेली असल्यामुळे, हिंदुस्थानपुरता या युद्धाचा अभ्यास १९१८ ऐवजी १९२३ पर्यंत करावा, असे मी आपल्याला सुचवेन.